आईची कवळी, अठ्ठावीस हजार आणि धुळ्याची एसटी

हिवाळ्याच्या अंकात आसोद्याच्या वांग्यांच्या भरितावर लेख आला होता ना, त्यावर संपादकांना बरीच पत्रं आली, कुणाला रेसिपी हवी होती, कुणाला आमच्या गावची वांगी का नाही लिहिली म्हणून राग. पण त्यात काही पत्रं वेगळी निघाली. भरीत उतरेल हो घशाखाली, त्याच्यासोबतची कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी कोण चावणार, असा त्यांचा सूर. ती सगळी संपादकांनी माझ्याकडे ढकलली. मी दातांची डॉक्टर, नऊ वर्षं सरकारी ग्रामीण रुग्णालयात काढली, आता तालुक्याच्या गावी छोटासा दवाखाना आहे. पुढे मी बऱ्याच जणांना माझ्यासारख्यांच्या दवाखान्यात न जाता दुसरीकडे जायला सांगणार आहे, घरचे म्हणतात असंच लिहीत राहा, पुढच्या महिन्यात शटर ओढून घे. असो.

प्रश्न : माझी माय ७२ वर्षांची. खालचे सगळे दात गेले, वर चार राहिलेत तेही हलतात. गावातल्या डॉक्टरांनी दोन्ही कवळ्यांचे २८ हजार सांगितले, आणि स्क्रूवाले पक्के दात हवे असतील तर लाखांत जाईल म्हणाले. यंदा कापसाने हात दिला नाही. मायचं ७० वर्षांवरचं आयुष्मान कार्ड काढलंय, त्यात कवळी बसते का? माय तर म्हणते, "ऱ्हाऊ दे रे भाऊ, आते कितला दिन ऱ्हायनात मन्हा." — एक शेतकरी, चोपडा तालुका

भाऊ, आधी कार्डाचं सांगते कारण हा प्रश्न मला आठवड्यातून तीनदा येतो. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० च्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मानचं ५ लाखांचं कव्हर मिळतं हे खरं. पण ते मुख्यतः अ‍ॅडमिट होऊन करायच्या उपचारांसाठी आहे. जबडा मोडला, तोंडाचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन आलं तर ते कार्ड सोन्यासारखं, जपून ठेवा. कवळी, साधी फिलिंग, रूट कॅनल ही बसून करायची कामं, ती त्यात येत नाहीत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचंही तेच. आणि घरात कुणाचा मेडिक्लेम असेल तर त्याची बारीक अक्षरं वाचा, अपघात सोडला तर दात बाहेरच ठेवलेले असतात बहुतेक वेळा.

आता काम दोन तुकड्यांत करू. पहिला तुकडा, दात काढणं. ते तुमच्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात करा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, उपचार फुकट आहेत, केस पेपरचेही पैसे नाहीत. मेडिकल कॉलेजला जोडलेली हॉस्पिटलं त्यात येत नाहीत, तिथे फी लागते, पण ती सरकारी दराची. दातांचा डॉक्टर कोणत्या वारी असतो ते आधी विचारून घ्या, मी स्वतः दोन ठिकाणी वाटून जायचे तेव्हा लोक चुकीच्या वारी येऊन परत जायचे आणि मला फार वाईट वाटायचं. आणि एक, चारही दात सरसकट काढा असं तुम्हीच सांगू नका. त्यातला एखाददुसरा सुळा मुळाशी घट्ट असेल तर तो वरून कापून, मूळ तसंच ठेवून त्याच्यावर कवळी बसवता येते, कवळीला पकड मिळते आणि तिथलं हाड झिजत नाही. करायचं की नाही ते डॉक्टर एक्स-रे बघून ठरवतील, पण विचारायचं तुम्ही.

मायला रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करून आणू नका. हाडं ठिसूळ म्हणून वर्षाचं इंजेक्शन घेतलं असेल तर तेही दात काढायच्या आधी सांगायचं, लोक सांगत नाहीत, त्यांना वाटतं हाडाचा आणि दाताचा काय संबंध, पण त्या इंजेक्शननंतर दात काढला तर कधीकधी जबड्याची जखमच भरून येत नाही.

दुसरा तुकडा, कवळी. सरकारी ग्रामीण रुग्णालयात ती सहसा बनत नाही, तिथे लॅबच नसते. त्यासाठी डेंटल कॉलेज. तुम्हाला सगळ्यात जवळ धुळ्याचं, साक्री रोडवरचं एसीपीएम. नाशिकला पंचवटीत केबीएच आहे, आणि पूर्ण सरकारीच पाहिजे तर संभाजीनगरला घाटी रुग्णालयाजवळ शासकीय दंत महाविद्यालय. तिथे पैसे कमी का लागतात, तर शिकणाऱ्या पोरांना परीक्षेच्या आधी ठरावीक कवळ्या स्वतःच्या हाताने करून दाखवाव्या लागतात आणि संपूर्ण कवळीचा पेशंट सहज मिळत नाही. आम्ही शिकत होतो तेव्हा पूर्ण बोळकं तोंड असलेले आजोबा ओपीडीत दिसले की दोन-तीन पोरं एकदम उठायची. म्हणजे तुम्ही उपकार मागायला चाललेले नाही, त्यांनाही मायची गरज आहे. पोरगं करतं म्हणून घाबरू नका, प्रत्येक पायरीवर सर येऊन बघतात आणि नाही आवडलं तर पुन्हा करायला लावतात, खाजगीत माझ्या मागे उभं राहून कोण बघतंय?

वेळ मात्र लागतो. एकूण सहा-सात चकरा धरा. पहिल्या दिवशी माप, मग पुन्हा बारीक माप, तिसऱ्या वेळी मेणाच्या कड्यांवर चावा घेतात, चौथ्या वेळी मेणात दात बसवून ट्रायल, मग पक्की कवळी, आणि त्यानंतर टोचतंय तिथे घासायला एक-दोनदा. यातली ट्रायल सगळ्यात महत्त्वाची. त्या दिवशी मायबरोबर घरचं कुणीतरी जाच, तिचा जुना फोटो न्या, तिला बोलायला लावा, हसायला लावा, दात फार मोठे दिसतात का, ओठ पुढे आलेत का ते बघा, कारण मेण आहे तोवर सगळं बदलतं, एकदा अ‍ॅक्रेलिक म्हणजे कडक प्लास्टिक झालं की काही होत नाही. बायामाणसं तिथे लाजून "बरी आहे" म्हणतात आणि घरी येऊन डब्यात ठेवतात.

चकरांच्या भाड्याचं पण बघू. एसटीत ६५ ते ७५ ला हाफ तिकीट, ७५ च्या पुढे फुकट, आणि मार्च २०२३ पासून बायकांना सरसकट हाफ. म्हणजे माय आणि सूनबाई दोघी हाफमध्ये जातात, दादा तुम्ही गेलात तर फुल लागेल. जायच्या आधी कॉलेजला परीक्षा किंवा सुट्ट्या नाहीत ना ते विचारा, सकाळी ओपीडीच्या वेळेत पोचा, केस पेपर काढून कवळीचा विभाग म्हणजे प्रोस्थो विचारा, आणि पहिल्याच दिवशी सगळे मिळून किती लागतील ते कागदावर लिहून मागा. दात काढल्यावर लगेच पळू नका, हिरडी भरायला दोन-तीन महिने जाऊ द्या, तोवर कपाशीचं आवरेल.

स्क्रूवाल्या दातांचं म्हणाल तर सगळं तोंड स्क्रूवर उभं करायचं हा एकच मार्ग नाही. वरची कवळी टाळूला चिकटून बसते, खालची हलते, जीभ तिला उचलते, कितीही चांगली केली तरी. म्हणून पुढेमागे जमलं तर फक्त खालच्या जबड्याच्या हाडात दोन स्क्रू घालून त्यावर कवळी टिचबटणासारखी बसवतात. पण आधी साधी वापरून तर बघा.

आणि मायच्या त्या वाक्याचं. मी रोज ऐकते. मागे एका आजींच्या लेकाला मी विचारलं, आई काय खाते सध्या, तर तो म्हणाला खाते ना सगळं. आजींना विचारलं तर चहात बिस्कीट, दुपारी दूधभात, संध्याकाळी पुन्हा दूधभात, केळं. दोन वर्षं झाली होती. त्या घरी शेतात शेंगा, हरभरा, सगळं पिकत होतं आणि ह्या बाईच्या पोटात डाळीचा दाणा नीट जात नव्हता, शुगर वर आणि अंगात ताकद नाही म्हणून सलाईन लावायला नेत होते, त्या सलाईनचा वर्षाचा हिशोब केला तर कवळी निघून गेली असती. किती दिवस राहिले ते कुणालाच माहीत नसतं, रोज दोन वेळा जेवायचं आहे हे माहीत असतं.

प्रश्न : सासऱ्यांना मुख्यमंत्री वयोश्रीचे ३००० मिळाले, त्यात कवळी घ्यायची तर चालते का? — शिरपूर

ताई, त्या योजनेच्या यादीत चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा असं आहे, ६५ च्या पुढे आणि घरचं उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांसाठी. कवळीचं नाव आहे ते दुसऱ्या योजनेत, केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्रीत. नावं सारखी म्हणून सगळे गोंधळतात, कर्मचारीसुद्धा. केंद्राची २०१७ पासून चालू आहे, वय ६० च्या पुढे, दारिद्र्यरेषेखालचं रेशनकार्ड किंवा महिन्याचं उत्पन्न १५ हजारांच्या आत. त्यात आधी तपासणीचा कॅम्प होतो, नाव लिहून घेतात, वस्तू नंतर वाटतात. कॅम्पमध्ये लोक काठी आणि कानाचं मशीन मागतात आणि घरी जातात, कवळी मिळते हे माहीतच नसतं म्हणून कुणी मागत नाही. जिल्ह्याच्या समाज कल्याण कार्यालयात पुढचा कॅम्प कधी ते विचारून ठेवा, आधार आणि रेशनकार्डाची झेरॉक्स तयार ठेवा, आणि तोंडाने "कवळी" असं म्हणा.

प्रश्न : वडिलांनी आठवडे बाजारात एका माणसाकडून १५०० रुपयांत तासाभरात "फिक्स" दात बसवून घेतले. चार महिने मस्त होते, आता तोंडाला खूप वास येतो आणि बाजूचा दात दुखतो. तो माणूस आता बाजारात दिसत नाही. काय करावं? — धुळे तालुका

तो दिसणार पण नाही. हे काम मी इतक्यांदा काढलंय की वास आला की न बघता कळतं. तो माणूस काय करतो सांगते, गुलाबी पावडर आणि एक लिक्विड वाटीत कालवतो, ते मऊ असतानाच गेलेल्या दाताच्या जागी दाबतो, त्यात तयार दात खोचतो, शेजारच्या चांगल्या दाताला तार गुंडाळतो आणि ते तिथेच कडक होऊ देतो. ते निघत नाही म्हणून "फिक्स". निघत नाही म्हणूनच घासता येत नाही, खाली अन्न कुजतं, हिरडी लाल होऊन सुजते आणि ज्या दाताला तार बांधली तोच चांगला दात हलायला लागतो. एका आबांचं मी काढलं तेव्हा आत शेवभाजीतल्या शेवेचा गोळा निघाला, कितव्या दिवसाचा होता देव जाणे, आबा स्वतःच तोंड फिरवून बसले.

घरी पकडीने ओढू नका, दातासकट येईल. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात दाखवा, तिथे ते कापून काढतील, दुखणारा दात वाचतो का ते बघतील. नंतर काढता-घालता येणारी साधी अर्धी कवळी करून घ्या, बाजारवाल्यापेक्षा महाग पण फार नाही, कॉलेजात तर आणखी कमी. दातांचं काम करायचा हक्क फक्त नोंदणी असलेल्या डेंटिस्टला आहे, १९४८ पासून कायदा आहे, दवाखान्यात नंबर लावलेला असतो, नसेल तर विचारायला लाजू नका. आप्पांना रागावू मात्र नका हं. त्यांनी १५०० मध्ये प्रश्न सोडवला होता आणि तुम्हाला खर्चात पाडलं नाही असं त्यांना वाटत होतं, आमचे दर आणि आमच्या एसी केबिनी बघूनच ते तिकडे गेले.

प्रश्न : मी रेल्वेतून रिटायर, वय ६८, शुगर आहे. पाच दातांना रूट कॅनल आणि कॅप, एक दात काढून ब्रिज, मिळून ५२ हजारांचं एस्टिमेट आलंय. पेन्शनवर एकदम झेपत नाही. एवढं सगळं खरंच लागतं का? — भुसावळ

काका, तुमचे एक्स-रे न बघता लागतं की नाही हे मी सांगू शकत नाही, पण विचारायचं कसं ते सांगते. सगळ्यात आधी उमीद कार्ड, म्हणजे रेल्वेचं वैद्यकीय कार्ड, घेऊन भुसावळच्या रेल्वे हॉस्पिटलात जा, काय तिथे होतं आणि कशाला बाहेर पाठवतात ते लिहून घ्या. पेन्शनरांना ही सोय असून निम्मे लोक थेट बाजारपेठेतल्या क्लिनिकमध्ये जातात. मिलिटरीतून आलेल्यांनी ईसीएचएसमध्ये, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत, असंच विचारावं, तिथे दातांचं कामही होतं.

बाहेरच करायचं ठरलं तर डॉक्टरांना म्हणा, हे टप्प्यांत लावून द्या. आधी जिथे दुखतं, पू आहे ते. मग चावायला लागतं ते. दिसायचं शेवटी. एकदम अक्कलदाढेपर्यंत बत्तीसच्या बत्तीस उभे करायची गरज नसते, वर-खाली समोरासमोर येणाऱ्या दहा जोड्या म्हणजे वीस दात धड असले की माणूस बहुतेक सगळं खातो, त्यामुळे शेवटच्या दाढेवर रूट कॅनल आणि कॅपचे पैसे घालायचे की ती सरकारी दवाखान्यात काढून मोकळं व्हायचं हा प्रश्न विचारायलाच पाहिजे. मागच्या दाढेला दातासारख्या रंगाची महागडी कॅप कशाला, धातूची स्वस्त पडते आणि टिकते जास्त, तिथे कोण बघायला येतंय. कीड मुळाजवळ असेल आणि दाताच्या आतल्या नसेपर्यंत अजून पोचली नसेल तर ग्लास आयोनोमर नावाच्या सिमेंटची साधी फिलिंग चालते का विचारा. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचं औषध लावून पण कीड जागेवर थांबवता येते, दात काळा पडतो, पण दुखत नाही, इंजेक्शन नाही आणि खर्च अगदी थोडा. हे औषध सगळे ठेवत नाहीत, खरं सांगायचं तर त्यात आम्हाला सुटतं काही नाही म्हणून.

आणि शुगर. ती आटोक्यात नसेल तर ५२ हजार घालून केलेलं काम हिरडीसकट सैल होतं. तीन महिन्यांच्या शुगरचा रिपोर्ट घेऊनच जा. वर्षातून एकदा दात साफ करून घेणं हे सगळ्यात स्वस्त, दात साफ केल्याने हलायला लागतात हे खरं नाही, दातांवर साचलेला दगडासारखा थर निघाल्यावर आधीच हलत असलेला दात कळतो एवढंच.

प्रश्न : मी ६६ वर्षांची, चाळीस वर्षांपासून मिसरी लावते. गालात आतून पांढरा चट्टा आहे, तिखट लागलं की आग होते. दाताचा डॉक्टर महाग म्हणून गेले नाही. — नवापूर

मावशी, हे पत्र वाचून होईल तेव्हा उद्याचा दिवस धरा आणि सरकारी दवाखान्यात जा. तिथे दाखवायला एक रुपया लागत नाही. मिसरीत तंबाखूच असते, ती भाजलेली असली तरी. प्रत्येक पांढरा चट्टा कॅन्सर नसतो, बरेच नसतात, पण बघितल्याशिवाय कुणाला सांगता येत नाही, छोटा तुकडा काढून तपासावा लागला तर करून घ्या, घाबरू नका. तोंडातली कुठलीही जखम, चट्टा, गाठ दोन आठवड्यांत गेली नाही तर दाखवायची. आणि काही निघालंच तर ऑपरेशनचा खर्च जन आरोग्य योजनेतून होतो, रेशनकार्ड आणि आधार सोबत असू द्या. मिसरी आजपासून बंद. दात घासायला साधी फ्लोराइडची पेस्ट आणि मऊ ब्रश. सुरुवातीला डोकं दुखेल, शौचाला त्रास होईल, ते जातं.

प्रश्न : माझी कवळी बारा वर्षांची. ढिली झालीय, बोलताना खाली येते. मधे तडकली तेव्हा नातवाने फेव्हिक्विकने चिकटवून दिली. नवीनच करावी लागेल का? वय ७८. — पारोळा

आबा, नातवाला शाबासकी द्या पण पुन्हा करू देऊ नका. ते चिकटवताना एक केसभर जरी सरकलं तरी कवळी वाकडी बसते आणि हिरडीला फोड येतो, शिवाय ते तोंडात ठेवायचं औषध नाही. तुटलेली कवळी डेंटिस्टकडे दिली की तो लॅबकडून जोडून देतो, नव्या कवळीच्या मानाने काहीच खर्च नाही त्याला.

ढिली का झाली, तर कवळी तेवढीच राहिली आणि तुमचा जबडा झिजला. कवळीवरचे दात अजून चांगले असतील तर आतून नवा थर देऊन घट्ट करता येते, आमच्याकडे त्याला रिलाइन म्हणतात, नव्या कवळीपेक्षा बरंच स्वस्त. पण दात पार सपाट झाले असतील, तोंड मिटल्यावर हनुवटी नाकाकडे जात असेल तर मग नवीनच. बारा वर्षं म्हणजे तिने तुमची पुरेपूर सेवा केली. तुम्हाला एसटी फुकट आहे, धुळ्याला जाऊन दाखवून या.

नवी झाल्यावर रात्री काढून साध्या पाण्याच्या वाटीत ठेवा, गरम पाण्यात नाही, वाकते. घासायला मऊ ब्रश आणि अंगाचा साबण, पेस्टने चरे पडतात. धुताना खाली बादलीत पाणी ठेवा म्हणजे हातातून सटकली तरी फरशीवर आपटत नाही. आणि लग्नात जेवताना टोचते म्हणून काढून कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवू नका. दर लग्नसराईत माझ्याकडे दोन-तीन जण तरी येतात, ताटाबरोबर रुमालही उचलला गेलेला असतो, मागच्या वर्षी तर एका घरच्यांनी मंगल कार्यालयाच्या मागे उष्ट्याचे ढीग उपसले, कवळी सापडली, आबांनी ती परत घालायला नकार दिला. खिशात छोटी डबी ठेवा.

प्रश्न : नवी कवळी बसल्यावर कळण्याची भाकरी खाता येईल का हो? — ज्यांच्या पत्रावरून हे सगळं सुरू झालं त्या काकू, यावल तालुका

येईल काकू, पण पहिल्या दिवशी नाही. पहिला आठवडा खिचडी, मऊ भात, केळं. मग भाकरी चुरून भरितात कालवून, दोन्ही बाजूंनी सारखं चावायचं, पुढच्या दातांनी तोडायचं नाही, नाहीतर मागून कवळी उचलते. महिनाभराने गरम भाकरीचा पापुद्रा जमेल, कडेचा कडक भाग सुनेला द्या. टोचलं तर घरी कानशीने घासू नका, ज्याने केली त्याच्याकडे जा, ते त्याच पैशांत असतं. आणि बट्टी मात्र वरणात पूर्ण बुडवून, दहा मिनिटं थांबून.